कोणता अँटिव्हायरस टाकू?

घरात कॉम्प्युटर आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. 'यात अँटिव्हायरस कुठला टाकू? फुकटातला चालेल ना?' विचारणारे कधी निवृत्त झालेले काका असतात, पेन्शन जमा झाली का ते नेट बँकिंगवर बघणारे. कधी दहावीतल्या मुलाची आई असते, कधी घरी बसून लोकांचे जीएसटी रिटर्न भरून देणारी अकाउंटंट. उत्तरं देणाऱ्यांचीही कमी नसते. दुकानदार वर्षभराचं पाकीट पुढे सरकवतो. भाचा म्हणतो, 'मावशी, पैसे कशाला घालवतेस, नेटवर फ्रीमध्ये ढिगानं आहेत.' ऑफिसातला कोणीतरी सांगतो, हल्ली काहीच लागत नाही.

माझं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. कॉम्प्युटरवर विंडोज ११ असेल, तर त्याच्यासोबतच आलेला अँटिव्हायरस चांगला आहे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि बहुतेक घरांना त्यापलीकडे काही घ्यायची गरज नाही. मात्र तो चालू आहे का, हे आपल्याला बघता यायला हवं. त्याच्या आवाक्याबाहेर काय राहतं, हे कळायला हवं. आणि 'फ्री अँटिव्हायरस' या नावाखाली भलतंच काही घरात शिरू नये, याची काळजी घ्यायला हवी. फुकटातलं संरक्षण शोधायला निघालेली माणसंच अनेकदा फसतात, म्हणून या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे.

१. धोका कशाचा असतो?

व्हायरस हा इतर कुठल्याही प्रोग्रामसारखाच एक प्रोग्राम असतो. फरक एवढाच, की तो आपल्या मर्जीविरुद्ध चालतो. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात जाऊन बसायचा आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर जायचा. त्यात त्या भावांनी स्वतःचं नाव आणि पत्ताही घातला होता. चोरी हा त्याचा हेतू नव्हता.

आज हेतू सरळ पैशाचा आहे. अशा सगळ्या उपद्रवी प्रोग्राम्सना मिळून 'मालवेअर' म्हणतात आणि त्यांचे प्रकार कामावरून पडतात. घरच्या माणसाला तीन माहीत असले तरी पुरे. पहिला, रॅन्समवेअर: हा आपल्या फोटोंना, हिशेबांना, पत्रांना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. दुसरा, माहिती चोरणारा: ब्राउझरमध्ये आपण जे पासवर्ड जपून ठेवलेले असतात, ते एका झटक्यात उचलून पाठवून देतो. हा आवाज करत नाही, कॉम्प्युटर मंदही होत नाही, म्हणून मला तिन्हींत तो जास्त घातक वाटतो. तिसरा, जाहिराती घुसवणारा अ‍ॅडवेअर: नुकसान कमी, त्रास फार.

२. अँटिव्हायरस त्यांना ओळखतो कसा?

घरी तांदूळ निवडताना आजी काय करते ते आठवा. काही खडे रंगावरून आणि आकारावरून लगेच ओळखू येतात. आजीनं ते हजारदा पाहिलेले असतात. काही खडे मात्र हुबेहूब तांदळासारखे पांढरे असतात. ते बघून कळत नाहीत, बोटांत चोळल्यावर कळतात.

अँटिव्हायरसचं कामही असंच दोन पद्धतींनी चालतं. आधी सापडलेल्या प्रत्येक मालवेअरच्या काही खुणा त्याच्या यादीत असतात. नवी फाइल आली की तो त्या खुणा जुळवून बघतो. ही यादी दिवसातून अनेकदा ताजी होते आणि इंटरनेटवरून आपल्याकडे येते. पण आज सकाळी तयार झालेला मालवेअर यादीत नसतो. तिथे दुसरी पद्धत कामी येते: प्रोग्राम वागतो कसा, यावर लक्ष ठेवणं. पत्र लिहायचा प्रोग्राम अचानक शेकडो फोटो एकामागून एक बदलायला लागला, तर त्याचं नाव यादीत असो वा नसो, त्याला थांबवायला हवं. याच्या जोडीला शंकास्पद फाइलची माहिती कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे पाठवून काही क्षणांत मत मागवणं हा प्रकारही आता सर्रास चालतो.

यातून निवडीचा पहिला निकष मिळतो. प्रोग्राम सतत जागा राहून प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, की आपण बटण दाबल्यावरच तपासतो? पहिल्याला 'रिअल टाइम प्रोटेक्शन' म्हणतात. मुख्य अँटिव्हायरस याच जातीचा हवा. भात शिजल्यावर खडे शोधण्यात अर्थ नसतो. फुकट मिळणारे काही प्रोग्राम केवळ दुसऱ्या जातीचे असतात. उदाहरणार्थ, मालवेअरबाइट्सचं मोफत रूप सुरुवातीच्या चाचणी-दिवसांनंतर सांगितल्यावरच तपासतं. क्लॅमविन हा खुला आणि मोफत प्रोग्रामही तसाच. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत, पण एकटे पुरणारे नाहीत.

आपला अँटिव्हायरस जागा आहे का, हे धोका न पत्करता बघता येतं. 'ईकार' या युरोपीय संस्थेनं त्यासाठी एक निरुपद्रवी फाइल तयार केली आहे. तिच्यात फक्त ६८ अक्षरांची एक ओळ आहे. ती कशालाही अपाय करत नाही, पण तिला पाहिल्यावर आरडाओरडा करायचा, असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलं आहे. ईकारच्या अधिकृत साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. काही सेकंदांत कोपऱ्यात इशारा आला आणि फाइल गायब झाली, तर सगळं ठीक आहे. फाइल निवांत डाउनलोड होऊन फोल्डरमध्ये पडून राहिली, तर आपला अँटिव्हायरस झोपला आहे.

३. विंडोजमध्ये आधीपासून काय असतं?

मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' नावाचा मोफत अँटिव्हायरस काढला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तेच काम विंडोजमध्येच बसवलेल्या 'डिफेंडर'कडे आलं. पण त्या वर्षांत त्याची कामगिरी साधारण होती. २०१२ च्या अखेरीस जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेनं सिक्युरिटी एसेन्शियल्सला प्रमाणपत्रही नाकारलं होतं. 'विंडोजवाला काही कामाचा नाही' हे आपण आजही ऐकतो, त्याचं मूळ त्या काळात आहे. तेव्हा ते खरंच होतं.

आता परिस्थिती बदलली आहे. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. गेली काही वर्षं डिफेंडरला बहुतेक वेळा त्यातले जवळपास सगळे गुण मिळत आले आहेत. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्स याही अशा चाचण्या घेतात आणि घरगुती प्रॉडक्ट्सचे निकाल कुणालाही मोफत वाचता येतात. आपण एखादा फुकट अँटिव्हायरस घ्यायचं मनात आणलं, तर त्याचं नाव या तिघांपैकी एकाच्या तरी निकालात आहे का, एवढं बघावं. नसेल तर तो विषय तिथेच संपवावा.

निकाल वाचताना दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांनी मात्र गोंधळू नये. एक छोटं गणित करू. समजा, एका प्रोग्रामनं ९९.८ टक्के मालवेअर पकडले आणि दुसऱ्यानं ९९.५ टक्के. फरक ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. आपल्या घरात वर्षभरात समजा १० घातक फाइली येतात. मग या फरकामुळे जास्तीची एक फाइल निसटायला साधारण ३३ वर्षं लागतील. त्या अवधीत कॉम्प्युटर कितीदा तरी बदलून होईल. निकालांतल्या पहिल्या आणि चौथ्या क्रमांकातला फरक घरच्यासाठी नगण्य असतो. त्यापेक्षा प्रोग्राम कॉम्प्युटर किती मंद करतो आणि घरच्यांना किती वेळा हैराण करतो, हे जास्त महत्त्वाचं. चांगल्या फाइलींवर उगाच आळ घेणारा अँटिव्हायरस लोक वैतागून बंद करून टाकतात. डिफेंडरच्या बाजूनं माझं मत झुकतं ते इथे: तो पैसे मागत नाही, 'अपग्रेड करा' म्हणून मध्येच उभा राहत नाही आणि बरेच दिवस तो आहे हे लक्षातही येत नाही.

त्याची एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. इंटरनेट बंद असताना डिफेंडरची पकड सैल पडते, कारण त्याचा बराचसा भरवसा मायक्रोसॉफ्टच्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या मतावर आहे. ज्या घरात नेट क्वचितच असतं आणि सगळा व्यवहार पेन ड्राइव्हवर चालतो, तिथे निदान आठवड्यातून एकदा मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून त्याला ताजं होऊ द्यावं.

तो चालू आहे का हे बघायला स्टार्ट बटणावर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा. उघडलेल्या खिडकीत ढालीच्या चित्रापाशी हिरवी बरोबरची खूण हवी. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये गेलात की 'मॅनेज सेटिंग्ज'खाली रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन हे तिन्ही चालू असावेत. यातलं तिसरं म्हणजे, दुसऱ्या प्रोग्रामला अँटिव्हायरस परस्पर बंद करू न देणारी सोय. शिवाय 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेले प्रोग्राम अडवायचा पर्याय आहे, तोही चालू करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

४. फुकट असेल, तर पैसे कोण भरतं?

अँटिव्हायरस बनवणं खर्चिक काम आहे. रोज नवे नमुने तपासणारी माणसं लागतात, ताजी यादी कोट्यवधी कॉम्प्युटरपर्यंत पोचवायची असते. त्यामुळे कोणीतरी तो खर्च भरतच असतं. डिफेंडरचा खर्च विंडोजच्या किमतीत आला. बिटडिफेंडरसारख्या कंपन्या मोफत रूप देतात, ते पुढे तुम्ही पैसे देऊन मोठं रूप घ्याल या आशेनं. त्यात गैर काही नाही. अधूनमधून येणारी जाहिरात सहन करायची तयारी असली म्हणजे झालं.

पण तिसरी वाटही आहे आणि ती ठाऊक असायला हवी. अवास्ट हा एके काळी जगातल्या सर्वांत लोकप्रिय मोफत अँटिव्हायरसपैकी एक. भारतातही असंख्य घरांत तो होता. २०२० च्या जानेवारीत अमेरिकी पत्रकारांनी उघड केलं, की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती, म्हणजे कोणत्या साइटवर कधी गेले, काय शोधलं, ही 'जम्पशॉट' नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं पुढे २०२४ मध्ये अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई लादली आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. कमिशनच्या म्हणण्यानुसार माहिती घेणाऱ्या कंपन्या शंभराहून अधिक होत्या. यातली वाईट गोष्ट अशी, की लोकांनी हा प्रोग्राम आपली माहिती कोणी पळवू नये म्हणूनच बसवला होता. आजाराविषयी, कर्जाविषयी, घरातल्या अडचणींविषयी माणूस काय काय शोधतो! ते सगळं ज्याच्या नजरेखालून जातं, त्याच्या हाती आपण ते राजीखुशीनं देत असतो.

अँटिव्हायरसला कॉम्प्युटरची प्रत्येक फाइल वाचायची आणि कुठलाही प्रोग्राम थांबवायची मुभा असते. एवढी मुभा आपण दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रामला देत नाही. म्हणून तो निवडताना गुणांच्या आधी कंपनीची वागणूक बघावी, असं मी आग्रहानं सांगेन. नावं वेगळी दिसली तरी मालक एक असू शकतो, हेही ध्यानात असू द्या. अवास्टनं २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, आणि आज अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं 'जेन डिजिटल' या एकाच कंपनीची आहेत.

याहून वाईट म्हणजे अँटिव्हायरसचं सोंग घेतलेलं मालवेअर. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांचे प्रोग्राम २००० नंतरच्या दशकात लोकांना खोटी तपासणी दाखवायचे: इतके व्हायरस सापडले, काढायचे असतील तर पैसे भरा. अमेरिकी कमिशननं २००८ मध्ये त्यामागच्या कंपनीवर खटला भरला, तेव्हा फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांवर सांगितली गेली. २०१२ मध्ये न्यायालयानं १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. नावं बदलली, धंदा तोच आहे. 'फ्री अँटिव्हायरस डाउनलोड' असं शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच क्लिक करू नये. जो प्रोग्राम हवा असेल, त्याच्या कंपनीच्या साइटचं नाव स्वतः टाइप करून तिथूनच तो घ्यावा.

आपल्याकडे हमखास येणारा पुढचा प्रश्न: 'मग क्विक हील?' पुण्यात दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या भावांनी वाढवलेली ही कंपनी आहे आणि तिच्याबद्दल मराठी माणसाला आपुलकी वाटते, ती साहजिक आहे. पण तिचा घरगुती अँटिव्हायरस विकतचा आहे. फोनवर मराठीत बोलून मदत करणारं कोणी हवं असेल, दुकानदार ओळखीचा असेल, तर त्यासाठी पैसे मोजणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. मोफतच हवं असेल, तर मात्र हा पर्याय नाही.

५. नव्या लॅपटॉपवरचा पाहुणा

बऱ्याच नव्या लॅपटॉपवर कुठल्या तरी विकतच्या अँटिव्हायरसची काही दिवसांची चाचणी आवृत्ती आधीच बसवलेली असते. ती असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपली की रोज 'तुम्ही धोक्यात आहात'चा लाल इशारा सुरू होतो आणि घाबरून लोक पैसे भरतात, किंवा कंटाळून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. दुसरी स्थिती जास्त वाईट, कारण जुना अँटिव्हायरस ताजी यादी घेत नाही आणि जागाही अडवून बसू शकतो. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स'च्या यादीत जाऊन तो काढून टाका आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. डिफेंडर आपोआप जागा होतो. हिरवी खूण आली का, ते बघून घ्या.

सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. दोघंही एकच फाइल धरायला धावतात, कॉम्प्युटर अडखळतो आणि कधी कधी एकमेकांवरच संशय घेतात.

६. संशय आल्यावर दुसरं मत

सांगितल्यावरच तपासणारा प्रोग्राम मात्र डिफेंडरच्या जोडीला सुखानं राहतो. मालवेअरबाइट्सचं मोफत रूप यासाठी चांगलं. मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर'ही मोफत आहे. उतरवल्यापासून दहा दिवसांत तो बाद होतो, कारण त्याची यादी त्याच्या पोटातच असते. पुन्हा लागला तर पुन्हा उतरवायचा. खुद्द डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना लपायला वाव राहत नाही. साधारण पाव तास लागतो.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे. तिथे क्विक हील, ई-स्कॅन आणि के-सेव्हन या भारतीय कंपन्यांची मोफत सफाई-साधनं मिळतात. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

एकाच फाइलचा संशय असेल, तर 'व्हायरसटोटल' ही गुगलच्या मालकीची साइट सत्तरएक अँटिव्हायरसचं मत एकदम देते. एक पथ्य पाळा: तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर कंपन्यांनाही बघता येते. आधार कार्ड, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, कुणाचे वैद्यकीय कागद तिथे टाकू नका.

७. 'व्हायरस आला' म्हणजे बहुतेक वेळा काय झालेलं असतं?

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून सरकत एक चौकोन येतो: 'तुमच्या कॉम्प्युटरवर ५ व्हायरस!' बंद केला की पाच मिनिटांनी दुसरा. डिफेंडरनं पूर्ण तपासणी केली तरी त्याला काही सापडत नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये काही नाहीच. कधीतरी एखाद्या साइटनं 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं विचारलं होतं आणि घरातल्या कोणीतरी 'अलाऊ' दाबलं होतं. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या, सिनेमे उतरवून देणाऱ्या साइटवर हे फार घडतं. चौकोनात बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि त्या साइटचं नाव असतं, ते वाचा. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' शोधा, परवानगी दिलेल्या साइटची यादी उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्रास त्या क्षणी थांबतो. तिथेच 'कुठल्याच साइटला विचारू देऊ नका' हा पर्याय निवडला, तर पुन्हा उद्भवतही नाही.

याचंच मोठं रूप म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापणारा, भोंगा वाजवणारा इशारा, खाली 'मायक्रोसॉफ्ट'चा म्हणून एक फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा. नाही हटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तो नंबर फिरवू नका.

पेन ड्राइव्हचा प्रकार निराळा आणि खरोखरच्या मालवेअरचा. मुलाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला आणि घरी येऊन बघतो, तर सगळ्या फोल्डरांच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण, आकार एक-दोन केबी. म्हणजे ती फोल्डर उरलेली नाहीत, शॉर्टकट आहेत. क्लिक केलं की फोल्डर उघडल्यासारखं दिसतं, पण त्याआधी मालवेअर चालतो आणि कॉम्प्युटरमध्ये शिरतो. त्यावर क्लिक करायचं नाही. पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून डिफेंडरनं तपासायचं. तपासणीनंतर पेन ड्राइव्ह रिकामा दिसला, तर घाबरून फॉरमॅट करू नका. मूळ फाइली मालवेअरनं लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू'खाली लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' याच्यापुढची खूण काढा. बहुतेक वेळा सगळं जिथल्या तिथे दिसतं. पुढच्या खेपेला छपाईसाठी पीडीएफ मेलवर पाठवली, तर प्रश्नच मिटतो.

तिथेच 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स' ही खूणही काढून टाका. फाइलच्या नावाचं शेपूट लपलेलं असलं, की 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते आणि कागद समजून आपण प्रोग्राम चालवतो. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावानं जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' याच लपलेल्या शेपटावर पसरला होता.

८. अँटिव्हायरसच्या हाताबाहेरचं

मालवेअर शिरायची पहिली वाट म्हणजे विंडोजमधली भोकं. ती सापडत असतात आणि मायक्रोसॉफ्ट ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बुजवते. अपडेट म्हणतात ते हे. १२ मे २०१७ ला सुरू झालेल्या 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरनं दीडशे देशांत थैमान घातलं, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प केलं. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच येऊन पडलं होतं. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'नंही त्याच भोकाचा वापर केला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. कामाच्या वेळी अपडेट आडवं येतं हे खरं, पण ते पुढे ढकलायचं तर त्या रात्रीपुरतं.

क्रॅक केलेली सॉफ्टवेअर ही दुसरी वाट. विंडोज किंवा ऑफिस फुकट 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देणाऱ्या प्रोग्रामच्या सूचनांत पहिलं वाक्य बहुधा असं असतं: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' घरगुती वापरकर्त्यांना वर्षानुवर्षं छळणारं 'स्टॉप' नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरलं. दुरुस्तीवाल्यानं कौतुकानं 'सगळं टाकून दिलंय' म्हटलं, तर काय टाकलं ते विचारा. पत्रं आणि हिशेब यांसाठी लिबरऑफिस राजरोस मोफत आहे.

तिसरी वाट म्हणजे आपण स्वतः. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवायला सांगितलं जातं, स्क्रीनवरचा नंबर विचारला जातो. हे प्रोग्राम अस्सल आहेत, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना अडवत नाही. समोरचा मात्र आपल्या डोळ्यांदेखत खातं रिकामं करतो. असं झालं तर नेट तोडा आणि तत्काळ १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि प्रत: फोटो, प्रमाणपत्रं, हिशेब यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर महिन्यातून एकदा काढा आणि काढून झाल्यावर डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी करा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतो. ज्यांच्याकडे प्रत नव्हती, त्यांनी खंडणी भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' ही साइट बघावी. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत आहेत. सगळ्यांच्या नाहीत.

९. विंडोज १० अजून चालू असेल तर

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. डिफेंडरची यादी त्यावरही २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत ताजी होत राहील, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण यादी ताजी असली तरी भोकं उघडीच राहतात. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात, तर त्याचे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो.

त्यानंतर दोन रस्ते उरतात. कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर वर जायचं. जुन्या यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसतो, ती बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकता येतं. दोन्ही मोफत, अपडेटही मोफत, आणि घरगुती वापरात वेगळा अँटिव्हायरस सहसा लागत नाही. मराठी टाइप करायची सोय आहे, ब्राउझर तेच आहेत. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं एखादं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर ज्यांच्या रोजच्या कामात आहे, त्यांना हा बदल जड जाईल. केवळ बँक, मेल, यूट्यूब आणि पत्रं एवढंच काम असलेल्या घरात तो एका दुपारी होऊन जातो. मात्र टाकण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढलेली असावी, कारण त्या प्रक्रियेत डिस्क पुसली जाते.